सोसायटीच्या बोअरसाठी 'अंतर्दृष्टी'वाले महाराज : अकरा हजार द्यावेत का?

टँकरग्रस्त (धागाकर्ता)

मंडळी, घाईत लिहितोय, शुद्धलेखन पोटात घाला.

आमची सोसायटी वाघोलीच्या थोडी अलीकडे, ८४ फ्लॅट. महापालिकेचं पाणी 'येणार येणार' म्हणत आठ वर्षं झाली. आवारात दोन बोअर आहेत. एक ठार कोरडा, दुसरा मार्च लागला की नुसत्या गुळण्या टाकतो. सध्या दिवसाला पाच टँकर, एकाला अठराशे रुपये. म्हणून कमिटीने तिसरा बोअर घ्यायचं ठरवलं. इथवर ठीक.

पॉइंट कोणी काढायचा, तर खजिनदारांच्या साडूंनी एक महाराज पाठवले. ह्यांना नारळ, तारा, काठी काही लागत नाही. डोळे मिटून अनवाणी चालतात आणि जमिनीखालच्या शिरा त्यांना निळ्या दिसतात. पाणी किती फुटांवर, किती इंच, गोड की मचूळ, सगळं सांगतात. पाऊण तास पार्किंगमध्ये फिरून जनरेटरच्या खोलीमागे चुन्याची फुली मारली. "१८० फुटांवर अडीच इंच, गोड." जाता जाता खजिनदारांकडे टक लावून म्हणाले, "घरात बाईमाणसाचा गुडघा धरलाय. आणि तुमचं जमिनीचं एक काम अडकलंय." खजिनदार जागच्या जागी गार! त्यांच्या आईचा गुडघा खरंच दुखतो आणि गावाकडे सातबाऱ्यावरून भावकीत वाद चालू आहे. झालं, कमिटी खिशात. फी ११,००० आत्ता, पाणी लागलं की आणखी तेवढेच.

पुढच्या रविवारी सभा आहे. उभं राहून 'हे थोतांड आहे' म्हटलं तर जास्त शहाणा म्हणून खाली बसवतील, गेल्या वर्षी पार्किंगच्या वेळी बसवलाच होता. मला भांडण नकोय. असं पाणी दिसण्यात काही तथ्य असल्याचा कुणाचा अनुभव आहे का? आणि कुणाचा अपमान न होता, सगळ्यांसमोर घेता येईल अशी एखादी चाचणी सुचवाल का?

नारायणपेठी

पहिला! शेंगदाणे घेऊन बसलोय. चालू द्या.

कोथरूडच्या काकू

गुडघा! अहो, पन्नाशीच्या माणसाच्या घरी एकही गुडघा दुखत नसेल तर तो चमत्कार. आणि जमिनीचं काम अडकलेलं नाही असा मराठी माणूस दाखवा, त्याला अकरा हजार मी देते.

शंकेखोर

काकूंना +१. ह्याची जुनी गंमत आहे. बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने १९४८ मध्ये वर्गातल्या मुलांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली. आठवड्याने प्रत्येकाला त्याचं 'खास त्याच्यासाठी' लिहिलेलं वर्णन दिलं आणि ते किती जुळतं त्याला ५ पैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी आली ४.२६. मग उघड केलं की सगळ्यांना एकच कागद दिला होता, आणि त्यातली बरीच वाक्यं फुटपाथवरच्या एका भविष्याच्या पुस्तकातून उचललेली होती. 'वरून तुम्ही शिस्तीचे, आतून मात्र हळवे' वगैरे. आपल्याकडच्या पिंगळ्याला हे शिकवायला प्राध्यापक लागत नाही.

मुळशीचा पाटील

सगळं एका पारड्यात तोलू नका राव. माझे आजोबा पाणाडी होते. पंचक्रोशीत ४० तरी विहिरींच्या जागा त्यांनी दाखवल्या. हातावर नारळ आडवा ठेवून चालायचे, पाणी असलं की नारळ शेंडीकडून उभा राहायचा. जन्मले पायाळू, म्हणून लहानपणापासून लोक घेऊन जायचे. एका पैशाला शिवले नाहीत, नारळ आणि टोपी एवढंच. आमची स्वतःची विहीर अजून मेमध्ये सात फूट पाणी धरून आहे. शहरात नळ सोडून पाणी न बघितलेल्यांनी हसणं सोपं आहे.

रिकामटेकडा

पायाळू म्हणजे?

कोथरूडच्या काकू

जन्मताना पाय आधी आले तो पायाळू. त्याला जमिनीतलं पाणी आणि गुप्तधन दिसतं अशी समजूत. आमच्या आळीत एक होता, त्याला चष्म्याशिवाय बस नंबर दिसत नसे. पाटील, हलके घ्या.

भूगर्भवाला

ह्याच धंद्यात पंचवीस वर्षं घालवली आहेत, म्हणून जरा लांब लिहितो.

आधी 'शिरा' डोक्यातून काढा. आपल्याकडे जमिनीखाली नद्या किंवा नळ वाहत नसतात. आपल्या राज्याचा चार पंचमांशाहून जास्त भाग बेसाल्टवर, म्हणजे काळ्या पाषाणावर आहे. लाव्हाचे थर एकावर एक पसरलेले, केकसारखे आडवे. अखंड काळा दगड पाणी धरत नाही. पाणी राहतं वरच्या मुरमात, दगडाच्या भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. ह्या सांध्यात कित्येक ठिकाणी तांबडा चिकट थर लागतो. बोअरची गाडी चालू असताना धुळीचा रंग काळ्याचा एकदम विटकरी झाला की गाडीवाला पोऱ्यासुद्धा सांगतो, 'तांबडं लागलं'.

म्हणजे मुरूम जिथे जाड आहे तिथे कुठेही खणा, थोडंफार पाणी लागतंच, निदान दिवाळीपर्यंत. पाणाड्याचं यश निम्मं ह्यात आहे. उरलेलं निम्मं त्याच्या नजरेत. जुना पाणाडी उतार बघतो, ओढ्याचं वळण बघतो, उंबर आणि वारूळ बघतो. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत दकार्गल म्हणून अख्खा अध्याय ह्यावर आहे, कुठल्या झाडाच्या कुठल्या बाजूला किती खोल. त्यातलं सगळं खरं नाही, पण ते निरीक्षण आहे आणि निरीक्षण तपासता येतं. पाटलांचे आजोबा नारळाने नाही, डोळ्यांनी पाणी काढत असणार. नारळ नुसता मान डोलवायला.

आमचं यंत्र? चार लोखंडी सळया ठोकून जमिनीतून वीज सोडतो आणि दगड किती विरोध करतो ते मोजतो. चुकतं का? चुकतं. पण चुकलं तर का चुकलं ते दुसऱ्या दिवशी सांगता येतं.

मुळशीचा पाटील

साहेब, तुम्ही बरं मांडलंत, राग नाही. उंबराचं बरोबर आहे, आजोबा उंबराला पाय लावू द्यायचे नाहीत. पण नारळ उभा राहताना मी स्वतः बघितलाय. जोर लावून दाबला तरी राहत नव्हता.

तारवाला

पाटीलभाऊ, तुम्ही बघितलं ते खरंच आहे, फक्त उभा करणारं पाणी नव्हतं. मी स्वतःवर केलेला प्रयोग सांगतो. कपड्यांचे दोन तारेचे हँगर कापून काटकोनी केले, बॉलपेनच्या रिकाम्या नळ्यांत सैल अडकवले आणि घरभर फिरलो. बाथरूमच्या दारात दोन्ही तारा फटकन एकमेकींवर आल्या. अंगावर काटा! मग बायकोने दुसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये नेलं आणि खोटंच सांगितलं, 'ह्या भिंतीत पाइप आहे.' तिथेही फटकन आल्या. भिंतीत पाइप नव्हता, डोक्यात होता. मनगट केसभर झुकलं तरी तारेचं टोक वीतभर फिरतं, आणि आपण झुकवलं हे आपल्याला खरोखर कळत नाही. ह्याला कार्पेंटर नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८५२ मध्येच नाव दिलंय. म्हणून तुमचे आजोबा खोटारडे अजिबात नव्हते. त्यांनासुद्धा नारळच हलला असं वाटत असणार.

अनामिका_वानवडी

हॉस्टेलचं प्लँचेट! वाटीवर चौघींची बोटं, खाली खडूने अक्षरं. आमच्या वाटीतला आत्मा इंजिनियरिंगचा होता, फक्त पेपरात काय येणार ते सांगायचा. सगळे प्रश्न चुकले. शपथेवर सांगते, चौघींपैकी एकीनेही मुद्दाम ढकलली नव्हती.

तारवाला

बरोबर, आणि ढकलली चौघींनी. लंडनमध्ये टेबलं फिरवण्याचं खूळ आलं होतं तेव्हा खुद्द शास्त्रज्ञ फॅरडेने १८५३ मध्ये तपासलं. हात आणि टेबल ह्यांच्या मध्ये सरकणारी पुठ्ठ्यांची चळत ठेवली. टेबल आधी सरकलं असतं तर चळत एका बाजूला कलली असती, हात आधी सरकला तर दुसऱ्या. निघाले हातच आधी.

श्रद्धाळू पुणेकर

सगळ्या धाग्यांवर तीच ती मंडळी. ११,००० भागिले ८४ म्हणजे घरटी १३१ रुपये. पिझ्झ्याला ह्याच्या तिप्पट घालवता तेव्हा चाचणी मागता का? पाणी लागलं तर कल्याण, नाही लागलं तर गेले १३१. विज्ञानाला सगळं कळलंय हा पण एक अहंकारच.

नारायणपेठी

पिझ्झावाला डोळे मिटून १८० फुटांवर चीज आहे म्हणत नाही, मालक. पेटी उघडून दाखवतो.

टँकरग्रस्त

पुणेकरसाहेब, १३१ चा प्रश्नच नाही. बोअरची गाडी, केसिंग, मोटर धरून खर्च दोन लाखांच्या घरात जातो. फुली चुकली की तो मातीत. आणि चुकल्यावर महाराज काय म्हणतात ते शेजारच्या सोसायटीने सांगितलं : 'दगड फिरला.'

कोथरूडच्या काकू

दगड फिरला! हे आता घरात वापरणार. पोळी करपली की तवा फिरला.

वडगावचा विनय

थोडं अवांतर. धागा वाचताना २१ सप्टेंबर १९९५ आठवला. गुरुवार होता. मी सातवीत. गणपती दूध पितो म्हणून पेठेतल्या देवळापासून रांग पार चौकापर्यंत. आई मला घेऊन दोन तास उभी होती. मी चमचा सोंडेला टेकवला आणि दूध खरंच गेलं! आयुष्यात इतका आनंद झाला नव्हता. बाहेर येताना पाय घसरला, तर गाभाऱ्यापासून पायरीपर्यंत सगळी फरशी दुधाने चिकट. 'प्यायला तर मग हे कुणाचं?' मी विचारलं आणि पाठीत धपाटा मिळाला. शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून दाखवलं ते नंतर कळलं. चमचा टेकवला की पृष्ठताणाने दूध ओढलं जातं आणि मूर्तीवरून पातळ थराने खाली उतरतं. पांढऱ्या संगमरवरावर ते दिसत नाही इतकंच.

रिकामटेकडा

धागा बोअरवरून दुधावर. पुढचा प्रतिसाद अमृततुल्यावर येणार.

श्रद्धाळू पुणेकर

दूध वगैरे मी पण मानत नाही. पण ज्योतिषासारख्या शास्त्राला ह्याच रांगेत बसवू नका, एवढंच म्हणणं.

शंकेखोर

तुम्हीच विषय काढलात. तपासणी आपल्या पुण्यातच झाली आहे. जयंत नारळीकरांनी दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर २०० पत्रिका गोळा केल्या. १०० हुशार मुलांच्या, १०० मतिमंद मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४० पाठवल्या आणि एवढंच विचारलं, कुठली पत्रिका कुठल्या गटातली? ५१ जणांनी पत्रिका मागवल्या, उत्तरं २७ जणांची आली. बरोबर किती? ४६ टक्के. छापा-काटा केला असता तर ५० च्या आसपास आले असते. एका संस्थेने सगळ्या २०० पत्रिका तपासल्या, त्यातल्या १०२ बरोबर. म्हणजे पुन्हा नाणंच.

मला ह्यातली आवडलेली गोष्ट म्हणजे चाचणी सभ्य होती. कुणाला भोंदू म्हटलं नाही, पत्रिका दिल्या आणि उत्तरं मागितली. टँकरग्रस्तांना असंच काहीतरी हवंय ना?

वकीलबाई

कुणीतरी 'जादूटोणाविरोधी कायदा लावा' म्हणायच्या आत सांगते. पाण्याच्या सल्ल्याला तो लागणार नाही. २०१३ च्या कायद्याला अनुसूची आहे, शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं, दंड ५ हजार ते ५० हजार. पण त्यात अपवादांचंही कलम आहे. वास्तुशास्त्राचा सल्ला, जोशी, नंदीबैलवाले आणि इतर ज्योतिषी ह्यांचा सल्ला, आणि भूगर्भातल्या पाण्याबद्दलचा सल्ला, हे सगळं त्यातून बाहेर ठेवलेलं आहे. तेव्हा पोलिसांच्या भानगडीत न पडता सभेतच सोडवा.

वडगावचा विनय

हे माहीत नव्हतं. नंदीबैल वाचला म्हणजे!

अनामिका_वानवडी

हसायला ठीक आहे, पण हा कायदा कशानंतर आला तेही आठवूया. मी तेव्हा शनिवार पेठेत राहायचे. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी ओंकारेश्वराच्या पुलावर गर्दी दिसली. मला वाटलं अपघात झाला. दाभोलकरांना गोळ्या घातल्या होत्या. चार दिवसांत वटहुकूम निघाला, जो त्यांनी वर्षानुवर्षं मागितला होता. निकाल लागायला २०२४ चा मे उजाडला, दोघांना जन्मठेप, तिघे सुटले. अजून त्या पुलावरून जाताना माझी चाल आपोआप मंदावते.

नारायणपेठी

(शेंगदाणे बाजूला ठेवले.)

शंकेखोर

चाचणीकडे येतो. जर्मनीत कासल गावी १९९० मध्ये ३० एक पाणाड्यांची परीक्षा घेतली होती. जमिनीत अर्धा मीटर खोल पाइप पुरला, कुठे पुरला तेही सांगितलं. फक्त ह्या क्षणी त्यातून पाणी वाहतंय की नाही, तेवढं ओळखायचं. आधी सगळ्यांनी कबूल केलं की परीक्षा योग्य आहे, आम्हाला जमेल. निकाल नशिबाइतकाच. खरी युक्ती 'आधी कबूल केलं' ह्यात आहे. नियम महाराजांकडूनच मंजूर करून घ्या, म्हणजे नंतर दगड फिरणार नाही.

भूगर्भवाला

सोसायटीत पाइप पुरत बसायला वेळ नाही. सोपं करा. महाराजांना स्वतःहून पाच जागा दाखवू द्या, मापं घेऊन नोंदवा, चुना पुसून टाका. मग डोळे बांधून दुसऱ्या गेटने आणा आणि त्याच पाच पुन्हा दाखवायला सांगा. त्यांचं पाणी, त्यांची दृष्टी, त्यांचीच उत्तरपत्रिका. निळ्या शिरा तासाभरात जागा बदलत नाहीत.

कोथरूडच्या काकू

डोळे बांधताना नाकाजवळची फट बघा! भाचीने मुलाला 'मिडब्रेन'च्या क्लासला घातलं होतं, पंचवीस हजार भरून. डोळ्यांना पट्टी आणि मुलगा पत्त्यांचे रंग ओळखतो, पेपर वाचतो. भाची रडायचीच बाकी. मी एकच केलं, पत्ता त्याच्या छातीपाशी न धरता कपाळाच्या वर धरला. दिव्यदृष्टी बंद! तो नाकाच्या कडेने खाली बघत होता. बिचाऱ्याची चूक नव्हती, क्लासने 'दिसलं की सांग' एवढंच शिकवलं होतं. डोळ्यांवर आधी कापूस, मग पट्टी.

तारवाला

आणि ते अनवाणी चालतात म्हणालात. फरसबंदीचे ब्लॉक, चेंबरची झाकणं, उतार, सगळं तळव्याला कळतं. काहीतरी अंथरा.

रिकामटेकडा

एवढ्या तयारीत विहीर खणून झाली असती.

तारवाला

एका पाणाडी काठीपायी इराकमध्ये माणसं मेली आहेत हो. मॅककॉर्मिक नावाच्या ब्रिटिश इसमाने बॉम्ब शोधायचं यंत्र म्हणून हँडलला लावलेली डुलती अँटेना हजारो डॉलरला एक अशी विकली. आत बॅटरीसुद्धा नाही. मूळ वस्तू म्हणजे गोल्फचे हरवलेले चेंडू शोधायचं खेळणं. बगदादच्या नाक्यांवर सैनिक ती हातात धरून गाड्या तपासायचे आणि बॉम्ब निवांत आत जायचे. २०१३ मध्ये त्याला १० वर्षं झाली. यंत्र तेच, आपले हँगर. फरक एवढाच की मी बाथरूम शोधत होतो.

मुळशीचा पाटील

रात्री आईला फोन केला होता. आजोबांच्या विहिरींचा विषय काढला. आई म्हणाली, 'ती मोडकी विहीर विसरलास होय?' लहानपणी आमच्या शिवेला एक खड्डा होता, गुरं मेली की त्यात टाकायचे. आम्ही त्याला मोडकी विहीरच म्हणायचो. ती आजोबांनीच दाखवलेली जागा, चाळीस फूट खणली, ठणठणीत दगड. खणणाऱ्याने त्यापायी बैलजोडी विकली. अशा आणखी तीन-चार आहेत म्हणाली. घरात ह्याबद्दल कधी कुणी बोललं नाही. मी चाळीसचा आकडा लहानपणापासून ऐकत आलोय, तो लागलेल्यांचा होता.

आजोबांबद्दल मत बदललेलं नाही. पण सांगावंसं वाटलं.

भूगर्भवाला

पाटील, हे लिहायला धैर्य लागतं. आमच्याकडेही फसलेल्या बोअरची वही असते. मी माझी कुणाला दाखवत नाही.

रिकामटेकडा

सोमवार उजाडला. धागाकर्ते बोअरमध्ये पडले काय?

टँकरग्रस्त

आलो, आलो. कालचा वृत्तांत.

शंकेखोरांचं ऐकून नियम आधी महाराजांनाच दाखवले. लगेच हो म्हणाले, 'बांधा डोळे, उघडे असले काय नि मिटले काय.' सभेला एरवी वीस टाळकी येतात, काल गच्चीवरूनसुद्धा लोक बघत होते. पहिल्या फेरीत पाच फुल्या, त्यात जनरेटरमागची पण. मापं मी आणि सेक्रेटरींनी मिळून घेतली. चुना धुऊन काढला (टँकरच्या पाण्याने, हे लिहिताना जीव तुटतोय). मग कापूस, वर खजिनदारीणबाईंची काळी ओढणी, जमिनीवर किराणावाल्याकडून आणलेली गोणपाटं. मागच्या गेटने आत. महाराज सावकाश फिरले, पाच ठिकाणी थांबले, पोरांनी झेंड्या रोवल्या.

प्रत्येक झेंडीपासून सगळ्यात जवळची फुली मोजली. १८ फूट, ३१ फूट, २६ फूट, ४४ फूट. पाचवी झेंडी बरोब्बर सेप्टिक टाकीच्या झाकणावर. शांतता पसरली. वॉचमनकाका म्हणाले, "काही म्हणा, खाली ओल तर आहेच." मग जे हसू फुटलं, त्यात महाराजसुद्धा क्षणभर हसले. त्या एका क्षणासाठी मला तो माणूस आवडला. लगेच सावरले आणि म्हणाले, काळ्या कापडाने दृष्टी बांधली जाते, पांढरं हवं होतं. पांढरा पंचा घेऊन पुन्हा करू म्हटलं तर गाडीची वेळ झाली. अकरा हजार दिले नाहीत. जाण्यायेण्याचे म्हणून अकराशे आणि नारळ दिला. हात जोडून निरोप दिला, कुणी वेडंवाकडं बोललं नाही.

रात्री खजिनदार घरी आले. चहा अर्धा झाल्यावर हळूच म्हणाले, "बाकी सोडा हो. पण आईच्या गुडघ्याचं त्यांना कसं कळलं?" मला कोथरूडच्या काकूंचं उत्तर द्यायचं होतं, तेवढ्यात बायको आतून म्हणाली, "अहो, त्या दिवशी मावशी लिफ्टपाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या ना, गुडघ्याला पट्टा लावून?" खजिनदार बघतच राहिले. म्हणाले, "आणि सातबारा?" मग स्वतःच थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "साडू." चहा न संपवता उठले. साडूंना फोन गेला असावा, वरच्या मजल्यावर आवाज येत होता.

कोथरूडच्या काकू

मी टक्केवारी लावत बसले आणि म्हातारी पट्टा लावून समोर बसलेली! टँकरग्रस्त, बायकोला माझा नमस्कार सांगा. डोळे उघडे ठेवणारी तुमच्या घरात तीच आहे.

श्रद्धाळू पुणेकर

एका भोंदूवरून सगळ्यांना... असो. सेप्टिक टाकीला मात्र हसलो. मान्य.

शंकेखोर

पुणेकरांचं 'असो' फ्रेम करून ठेवा.

रिकामटेकडा

पाणी?? पाण्याचं काय झालं?

टँकरग्रस्त

अरे हो. भूगर्भवाल्यांनी व्यक्तिगत निरोप पाठवून एक जाणकार सुचवले, ते आज सकाळी येऊन गेले. सळया काढल्याच नाहीत. दोन्ही बोअरचे जुने कागद बघितले, गाडीवाल्याने लिहिलेले थर वाचले आणि म्हणाले, तिसरा घेऊ नका, तोही ह्याच मुरमातलं ओढणार. एका वाटीत तीन स्ट्रॉ. त्यापेक्षा गच्चीचं पावसाचं पाणी गाळून कोरड्या बोअरमध्ये सोडा. खजिनदार पटकन म्हणाले, मिळकतकरात सूट पण मिळते ना त्याला? माणूस ताळ्यावर आला.

भूगर्भवाला

योग्य सल्ला. दोन गोष्टी विसरू नका. पहिल्या पावसाचं पाणी आत सोडायचं नाही, गच्ची धुऊन जाऊ द्या. आणि पार्किंगचं पाणी चुकूनही बोअरमध्ये नको, ऑइल असतं. खड्ड्यात खाली मोठे दगड, मग खडी, वर वाळू. सेप्टिक टाकीपासून लांब. ती कुठे आहे ते आता तुम्हाला पक्कं माहीत आहे.

मुळशीचा पाटील

आमच्या मोडक्या विहिरीत असं पावसाचं पाणी सोडता येईल का साहेब? ओढा वीस फुटांवर आहे. गुरांची हाडं आधी काढावी लागतील.

भूगर्भवाला

बघून सांगतो. पावसाळ्याआधी एक शनिवार ठरवू. जेवायला घालणार असाल तर नक्की.

टँकरग्रस्त

एक शेवटचा प्रश्न विचारतो आणि धाग्याला विश्रांती देतो. खड्ड्यासाठी चाळीस एमएमची खडी आमच्या भागात बऱ्या भावात कुठे मिळेल?

नारायणपेठी

वाघोलीत राहून खडी कुठे मिळेल विचारताय? अहो, अर्धं पुणं तुमच्याकडच्या खाणींतून बांधलंय. गच्चीत जा आणि डोळे उघडा. अकरा हजार माझ्या खात्यावर टाका.